सातासमुद्रापलीकडच्या लेकीचा हक्क

१९१३ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, १९१६ साली तेथून लंडनला. इकडे मुंबईत माता रमाईंनी हालअपेष्टा सोसून संसार रेटला. आज राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा, मंगरूळपीर, वाशीम, कोणत्याही तालुक्यातील आपली गुणवंत मुलगी या वाटेने युरोपात जाऊ शकते. उद्या तिने तिकडच्याच तरुणाशी लग्न केले तर आईचा पहिला प्रश्न असतो, "लेक तिथे कोणाच्या भरवशावर राहणार?"

आम्ही सांगतो, कायद्याच्या भरवशावर! पण तो कायदा आधी समजून घेतला पाहिजे.

युरोपीय संघाचा २००४ सालचा निर्देश असा आहे. संघातील एका देशाचा नागरिक संघातल्याच दुसऱ्या देशात नोकरी-धंद्यासाठी राहत असेल, तर त्याची पत्नी, २१ वर्षांखालील मुले आणि या दोघांवर अवलंबून असलेले आईवडील त्याच्यासोबत राहू शकतात. ते भारतीय असले तरी हरकत नाही. पत्नीला नोकरी करता येते. अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत निवास कार्ड द्यावे लागते व ते साधारणपणे पाच वर्षे चालते. सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की कायम निवासाचा हक्क मिळतो.

मेख इथेच आहे. जर्मन जावई फ्रान्समध्ये राहत असेल तर हा निर्देश लागू. तोच जर्मनीत, म्हणजे स्वतःच्या देशात राहत असेल तर जर्मनीचा आपला कायदा लागू. तो भारतातून येणाऱ्या पत्नीकडून सहसा आधीच प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा मागतो.

याला एक अपवाद आहे, आणि तो एका भारतीयाच्या खटल्यातून आला. सुरिंदर सिंग यांनी १९८२ साली ब्रिटिश स्त्रीशी लग्न केले. दोघांनी जर्मनीत नोकरी केली व १९८५ साली ते ब्रिटनला परतले. पुढे ब्रिटनने सिंग यांना देशाबाहेर काढायचे ठरवले. १९९२ साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की दुसऱ्या देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकासोबत जोडीदारालाही राहण्याचा हक्क आहे. ब्रिटन आता संघाबाहेर आहे. तेथील मुक्त वास्तव्याची सोय ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. संघातील देशांत मात्र हे तत्त्व कायम आहे.

संसार मोडला तर? लग्नाला तीन वर्षे झाली असतील व त्यातले एक वर्ष त्या देशात गेले असेल, तर घटस्फोटानंतरही राहण्याचा हक्क टिकू शकतो. घरात मारहाण, छळ झाला असेल तर तीन वर्षांची अटही आड येत नाही. मात्र तिला स्वतःची कमाई किंवा निर्वाहाची सोय दाखवावी लागते. म्हणून आयाबहिणींनो, लेकीला सांगा, नोकरी सोडू नकोस!

आता आपल्या घरची तयारी. वर-वधू दोघेही बौद्ध असतील तर विधिपूर्वक मंगल परिणयानंतर विवाहाची नोंदणी लगेच करून घ्यावी. परदेशी वर बौद्ध नसेल तर केवळ विधी पुरत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न करावे. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागते आणि नोटीस दिल्यावर आणखी तीस दिवस थांबावे लागते. दहा दिवसांच्या सुट्टीत हे उरकत नाही. आईवडिलांनीही स्वतःचा जन्मदाखला काढून ठेवावा. शाळेचा दाखला, आधार व पासपोर्ट यांवरील नाव आणि जन्मतारीख जुळते का, ते पाहावे. परदेशात चालणारे साक्षांकन प्रत्येक देशागणिक वेगळे असते. ते आधी विचारून घ्यावे.

बाबासाहेबांनी आपल्याला मेहेरबानी मागायला नव्हे, हक्क मागायला शिकवले. हक्क मागायचा तर हातात कागद हवा. तो आजच तयार ठेवू या. जय भीम!