‘क्रांती’ साप्ताहिक : गिरणगाव ते मीरत

मंडळी, वर्तमानपत्राचा इतिहास आपण सहसा संपादकांच्या नावांवरून सांगतो. आज आपण तो वाचकांकडून पाहू.

1927च्या सुरुवातीला मुंबईत कामकरी शेतकरी पक्ष स्थापन झाला. अध्यक्ष धुंडिराज ठेंगडी, चिटणीस शां. स. मिरजकर. त्याच वर्षी मे महिन्यात पक्षाने ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक काढलं. मराठीतच का? कारण गिरण्यांमधले हजारो कामगार रत्नागिरी, सातारा भागातून आलेले होते. गाव मागे राहिलं, पण भाषा सोबत होती. कम्युनिस्ट विचार त्यांच्यापर्यंत न्यायचा तर इंग्रजी पत्र काय कामाचं? डांग्यांचं ‘सोशलिस्ट’ 1922 साली निघालं होतं, पण ते इंग्रजीत.

पुढच्याच वर्षी कसोटी आली. एप्रिल ते ऑक्टोबर 1928 मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. वाद कशाचा? मालकांना एका विणकराकडून दोनऐवजी तीन माग चालवून घ्यायचे होते. म्हणजे कमी माणसांत तेवढंच काम, आणि उरलेले घरी. संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

मग 20 मार्च 1929ला देशभर धरपकड झाली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, घाटे, निंबकर, ठेंगडी सगळे आत. खटला मुंबईत नव्हे, मीरतला चालवला, कारण मुंबईत ज्यूरी बसली असती. ‘क्रांती’चे अंक तिथे पुराव्यात दाखल झाले, इंग्रजी भाषांतर करून. निकाल 16 जानेवारी 1933ला लागला. ठेंगडी त्याआधीच वारले होते.

इथे आपण जरा थांबू. मराठी कामगारासाठी लिहिलेला मजकूर न्यायाधीशाने इंग्रजीत वाचला. मराठवाड्याला ही गोष्ट नवी नाही. निजामाच्या राज्यात कारभार आणि कोर्टकचेरी उर्दूत होती. घरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याची कैफियतही अशीच दुसऱ्या भाषेतून पुढे जायची.

यातून अभ्यासकासमोर एक अडचण उभी राहते. सरकारी वकिलाला हवे होते ते कटाचे पुरावे. त्यामुळे जो खटल्याच्या कागदांवरून ‘क्रांती’ वाचेल, त्याला राजसत्ता उलथण्याची भाषा ठळक दिसेल; तिसऱ्या मागाची भीती, बुडालेला पगार, गावाकडे न गेलेली मनीऑर्डर हे मागे पडेल. ती भाषा खोटी होती असं नाही. पण वाचक पत्र हातात घ्यायचा तो या रोजच्या प्रश्नांसाठीही.

म्हणून आपण कुठल्याही चळवळीचं पत्र वाचताना आधी विचारू: हा उतारा कोणी निवडला, आणि कशासाठी? पुढच्या व्याख्यानात हाच प्रश्न घेऊन 1942 सालच्या ‘लोकयुद्ध’कडे जाऊ.