घरचा वाढदिवस

मुलांचे वाढदिवस हल्लीं घरोघर थाटानें साजरे होतात, आणि त्यांत आम्हांस कांहीं गैर वाटत नाहीं. आमच्या लहानपणीं हा दिवस तिथीनें येई आणि तिथीनें जाई. सकाळीं अभ्यंगस्नान, देवास व वडील माणसांस नमस्कार, सायंकाळीं औक्षण आणि पानांत एखादें पक्वान्न, येवढ्यांत तो संपे. आजच्या मुलांस शाळेंतले सोबती हवे असतात, खेळ हवे असतात, आणि ते असावेतच. आमची तक्रार आहे ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं केर काढणारीच्या पुढ्यांत जें येतें त्याविषयीं. फुटलेले फुगे, चमकीचा भुगा, उष्ट्या पेल्यांची चवड, भेटवस्तूंचीं फाडलेलीं वेष्टनें! दोन तासांच्या आनंदाची ही शिल्लक कोणीं उचलावयाची, ह्याचा विचार यजमान क्वचितच करतो.

वस्तुतः हा उत्सव आपणांस परका नाहीं. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनीं शके 1712 मध्यें, म्हणजे इसवी सन 1790 च्या सुमारास, रचलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथांत वर्धापनाचा विधि सांगितला आहे. तीळ लावून स्नान करावें, मार्कंडेय व चिरंजीव ह्यांचें अक्षतांच्या पुंजांवर पूजन करावें, षष्ठीदेवीस दहींभाताचा नैवेद्य दाखवावा आणि तीळगूळ घातलेलें दूध प्यावें, असा त्याचा क्रम आहे. ह्या दिवशीं कलह व हिंसा वर्ज्य होत, हेंही शास्त्रकार सांगावयास विसरलेले नाहींत. साहित्याची यादी पाहिली तर तांदूळ, तीळ, गूळ, दूध, फुलें! त्यांतला एकही जिन्नस असा नाहीं कीं जो माती, मुंगी किंवा गाय आपलासा करणार नाहीं.

ह्याच्या उलट सरकारी यादी पाहावी. महाराष्ट्र सरकारनें 23 मार्च 2018 रोजीं प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली; पुढें 1 जुलै 2022 पासून देशभर एकदां वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या कित्येक वस्तू बंद झाल्या. फुग्यांच्या काड्या, ताटल्या, पेले, चमचे, पेय ओढून घेण्याच्या नळ्या, सजावटीचा थर्मोकोल, मिठाईच्या पेट्यांवरचें व आमंत्रणपत्रिकांवरचें पातळ वेष्टन, अशी ती यादी वाचतांना कोण्या वाढदिवसाच्या बाजाराचीच यादी हातीं आल्यासारखें वाटतें.

कागदी पेले तरी निरुपद्रवी असतील, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु पाणी झिरपूं नये म्हणून त्यांच्या आंतल्या अंगास प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळें ते धड रद्दींत जात नाहींत, धड खतांतही नाहीं. बाजारांतल्या कांहीं चकचकीत पत्रावळींचीही तीच कथा. पळसाच्या पानांची, चोयांनीं टांचलेली पत्रावळ मिळाली तर उत्तम. केळीचें पान मिळालें तर फारच उत्तम.

पण खरें पाहतां येवढें शोधण्याचेंही कारण नाहीं. वीस मुलांस वीस ताटल्या, वीस वाट्या, वीस पेले लागतात. एकत्र कुटुंबांत माळ्यावरच्या पेटाऱ्यांतून किंवा शेजारच्या काकूंच्या फडताळांतून येवढीं भांडीं सहज निघतात. न निघालीं तर आमंत्रणांतच लिहावें कीं प्रत्येकानें आपली वाटी व पेला बरोबर आणावा. पूर्वीं गांवजेवणास निघालेला मनुष्य ताट-तांब्या घेऊनच निघे, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नसे. भांडीं घासण्याचें काम मात्र घरांतल्या सुनांच्या किंवा मोलकरणीच्या माथीं मारूं नये. निसर्गाची चिंता पुरुषांनीं वाहावी आणि खरकटें बायकांनीं काढावें, ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. आम्हीं स्वतः साठी उलटल्यावर एका बैठकीस बारा ताटल्या घासल्या आहेत. कंबर थोडी धरते, येवढेंच.

अवघड प्रकरण आहे तें फुग्यांचें. गेल्या वर्षीं आमच्या नातीस आठवें वर्ष पुरें होणार होतें. फुगे आणावयाचे नाहींत असें घरांत ठरत आहे, हें कानीं पडतांच ती म्हणाली, “आजोबा, फुगे नसले तर सगळीं म्हणतील, हिच्या घरीं पैसे नाहींत.” ह्या वाक्यास प्रदूषणावरील व्याख्यानानें उत्तर देतां येत नाहीं. सोबत्यांत मान खालीं घालावी लागणें ही मुलाच्या लेखीं लहान गोष्ट नव्हे, आणि आपल्या तत्त्वांपायीं तें त्यानें मुकाट्यानें सोसावें अशी अपेक्षा करणाऱ्या आईबापांचें आम्हांस कौतुक नाहीं. तेव्हां आम्हीं तिला सांगितलें, “अग, मग फुग्यांहून चांगलें कांहीं तूंच सुचव.” दोन दिवस ती कोणाशीं धड बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनें आकाशकंदील मागितले. मार्गशीर्षांत कंदील! पण पतंगाचा कागद, बांबूच्या काड्या आणि कणीक पाण्यांत शिजवून केलेली खळ येवढ्या साहित्यांत सात कंदील तयार झाले. त्यांतले दोन वांकडे. आमंत्रितांपैकीं चार मुलें आदल्या रविवारींच येऊन कागद कापावयास बसलीं आणि भांडलींही. मुख्य दिवशीं तीं चौघें इतरांस आपापला कंदील दाखवीत होतीं. पैशाचा विषय कोणाच्या तोंडीं आला नाहीं.

त्यांतून एक बाई प्रेमानें वर्खी फुगे घेऊन आल्याच. घरीं आलेली भेट परत करणें हा आमच्या मतें असभ्यपणा होय, म्हणून ते फुगे दिवाणखान्यांत बांधले. गच्चीवरून मात्र सोडूं दिले नाहींत. त्यांवर धातूचा लेप असतो, आणि असा फुगा विजेच्या तारांत गुंतला तर तारा परस्परांशीं जोडल्या जाऊन आळीची वीज जाऊं शकते.

केक असावा कीं नसावा, ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. आमच्याकडे रव्याचा केक कुकरांत मिठाच्या थरावर, शिटी काढून, भाजतात. मेणबत्त्या फुंकण्याचें मात्र आम्हांस रुचत नाहीं. शुभदिनीं दिवा लावावा, विझवूं नये, हा आमचा जुना हट्ट समजा. खाण्याचे बाकी जिन्नस ऋतूवर सोंपवावे. वैशाखांतल्या मुलास कैरीचें पन्हें, मार्गशीर्षांतल्या मुलीस मटारची उसळ.

खेळांस विकतचें कांहीं लागत नाहीं. लगोरी व आंधळी कोशिंबीर आहेतच. आमचा आवडता खेळ निराळा आहे. मुलांचे डोळे बांधावे आणि तुळस, गवती चहा, लिंबाचें पान, ओवा, कढीलिंब हीं एकेक चुरडून नाकाशीं धरावीं. शाळेंत नेहमीं मागें राहणारीं मुलें ह्यांत पुष्कळदां पुढें येतात, हें आम्हीं अनेक वर्षें पाहिलें आहे.

भेटींविषयीं थोडें. प्रत्येकानें घरचें वाचून झालेलें एक पुस्तक आणावें, सर्व पुस्तकें एका टोपलींत घालावीं आणि जातांना ज्यानें त्यानें एकेक उचलावें. ह्यांत महाग कोणाचें व स्वस्त कोणाचें हा हिशेब उरत नाहीं. जातांना रोपटें देण्याची नवी चाल दिसते. हेतु चांगला, पण रोपटें येतें प्लॅस्टिकच्या पिशवींत, आणि उन्हाळ्यांत तिसऱ्या मजल्यावरील खिडकींत तें आठवड्यांत मान टाकतें. त्यापेक्षां जुन्या वहीच्या कागदाच्या पुडींत बिया द्याव्या. आमच्या नातीनें मेथी व धने दिले होते. धने हातानें रगडून दुभंगावे लागतात, आणि उगवावयास आठदहा दिवस किंवा त्याहूनही अधिक वाट पाहावयास लावतात. मेथी तीनचार दिवसांतच डोकें वर काढते. पांचसहा वर्षांच्या मुलांस मेथीच द्यावी.