पुनर्वापराचे शिक्षण : आयते सॉफ्टवेअर, अलिखित अटी

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे ‘एरियान-५’ हे नवे रॉकेट प्रथमच झेपावले आणि सुमारे ४० सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. दोष इंजिनाचा नव्हता. दिशा व वेग सांगणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर जुन्या ‘एरियान-४’मधून घेतलेले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात असे. तेथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या रॉकेटच्या उड्डाणात ही मर्यादा ओलांडली जात नव्हती. नव्याचा आडवा वेग झपाट्याने वाढत असल्याने ती ओलांडली गेली. मुख्य आणि राखीव अशा दोन्ही संगणकांत तेच सॉफ्टवेअर असल्याने दोन्ही बंद पडले.

यावरून ‘जुने वापरूच नये’ असा बोध घेणे योग्य नव्हे. तयार भाग जोडून सॉफ्टवेअर उभारावे, हा विचार डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ मध्येच जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत मांडला होता. आज त्याविना या व्यवसायाचे पानही हलत नाही. एरियानची आज्ञावली तिच्या मूळ जागी निर्दोषच होती. मात्र ती कोणत्या अटीवर निर्दोष आहे, याची नोंद त्या आज्ञावलीत नव्हती.

नेमकी ही अट शोधण्याची सवय वर्गात क्वचितच लागते. विद्यार्थ्याने प्रत्येक प्रोग्रॅम शून्यापासून लिहावा, अशी परीक्षेची अपेक्षा असते. दुसऱ्याचे घेणे म्हणजे नक्कल. पायाभूत ज्ञानासाठी हे आवश्यकही आहे. परंतु पदवी घेऊन बाहेर पडताच त्याच विद्यार्थ्याला इतरांनी लिहिलेल्या हजारो ओळींवर विसंबून काम करावे लागते.

झुरिचच्या ‘ईटीएच’ विद्यापीठात बर्ट्रांड मेयर यांनी हा क्रम उलटा करून पाहिला. शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे प्रतिरूप असलेला तयार सॉफ्टवेअर-संग्रह नवख्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला जाई. आधी तो वापरायचा, मग उघडून वाचायचा आणि शेवटी त्यात स्वतःची भर घालायची. प्रत्येक भागासोबत करार लिहिलेला असे : वापरणाऱ्याने कोणती पूर्वअट पाळायची आणि त्या बदल्यात तो भाग कोणती हमी देतो. या अध्यापनावर आधारित त्यांचे पाठ्यपुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

असे शिक्षण देण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मूल्यमापनाची दृष्टी मात्र बदलावी लागते. घेतलेल्या भागाचे श्रेय दिले का, त्याचा परवाना वाचला का, तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे हे तपासले का आणि नव्या परिस्थितीत त्याची चाचणी घेतली का, या प्रश्नांना गुण हवेत. नक्कल आणि पुनर्वापर यांतील सीमारेषाही येथेच स्पष्ट होते. नक्कल करणाऱ्याला आपण काय उचलले, हे ठाऊक नसले तरी चालते. पुनर्वापर करणाऱ्याला ते ठाऊक असावेच लागते.