हवामानबदल अनुकूलन, महाराष्ट्रातील

बदलत्या हवामानाशी शेती, पाणीपुरवठा, आरोग्य इ. व्यवस्था जुळवून घेण्यासाठी आखलेले उपाय व त्यांमागील संशोधन. राज्याच्या अनुकूलन कृती आराखड्यासाठी नवी दिल्ली येथील ‘टेरी’ या संस्थेने ब्रिटनच्या हवामान खात्याच्या सहकार्याने अभ्यास केला (२०१४). ब्रिटिश संगणकीय प्रतिमानाच्या आधारे तापमानाचे व पर्जन्याचे भावी अंदाज त्यात मांडले आहेत. या प्रतिमानातील प्रत्येक चौकट सु. २५ किमी. लांबी-रुंदीची असल्याने तीत अनेक गावे एकत्र येतात. शेतीचे नुकसान मात्र गावागणिक वेगळे असते. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात कापूस, सोयाबीन व तूर ही पिके मुख्यतः पावसावर अवलंबून आहेत. वार्षिक पर्जन्यमान सरासरीइतके असूनही पेरणीनंतर पावसाने दीर्घ ताण दिल्यास अशा भागातील शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ येते.

हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात झाला. वर्धा जिल्ह्याचा त्यात समावेश होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार करण्यात आली. पावसाचे किती पाणी वाहून गेले, किती पिकांनी घेतले, किती ओलाव्याच्या रूपाने मातीत राहिले व किती भूगर्भात मुरले, हे त्यातून काढतात. त्यावरून पिकांना पडणारी तूट कळते आणि शेततळी, बांधबंदिस्ती किंवा पीकबदल यांपैकी योग्य उपाय निवडता येतो.