श्वसन नियंत्रण व वसायुक्त आहार

आहारातील वसेचे (तेल, तूप, लोणी, मांसातील चरबी इ. स्निग्ध पदार्थांचे) प्रमाण वाढल्यामुळे श्वासोच्छ्‌वासाचा वेग व खोली यांवर, तसेच त्यांचे नियमन करणाऱ्या तंत्रिका यंत्रणेच्या संवेदनक्षमतेवर होणाऱ्या परिणामांचा विचार या विषयात होतो. हे परिणाम दोन प्रकारचे असून त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. वसेचे ज्वलन होताना कार्बन डाय-ऑक्साइड वायू कमी निर्माण होतो आणि त्यामुळे श्वसनाचे काम काहीसे हलके होते. हा परिणाम काही तासांत दिसतो. याउलट वसायुक्त आहार महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे गरजेपेक्षा अधिक घेतला गेल्यास शरीरात साठणारी चरबी आणि तिच्याबरोबर होणारे हॉर्मोनांतील बदल श्वसनाचे नियंत्रणच बिघडवू शकतात. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे रुग्णांच्या आहारासंबंधी चुकीचे निष्कर्ष काढले गेल्याची उदाहरणे आहेत.

नियंत्रण यंत्रणा : मनुष्य ऑक्सिजन मिळविण्यासाठी श्वास घेतो हे खरे असले, तरी श्वास किती घ्यावयाचा हे निरोगी अवस्थेत ऑक्सिजनावरून ठरत नाही. जे. एस. हॉल्डेन व जे. जी. प्रीस्टली या ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिकांनी १९०५ साली असे दाखविले की, फुप्फुसांतील वायुकोशांमधील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण जवळजवळ स्थिर राखले जाते आणि त्यात अल्पशी वाढ होताच श्वसन वाढते. रोहिणीतील रक्तात या वायूचा दाब सर्वसाधारणपणे ४० मिमी. पारा असतो. तो १ मिमी.ने वाढला, तर दर मिनिटास आत घेतल्या जाणाऱ्या हवेत सु. २ ते ३ लिटरांची भर पडते. ऑक्सिजनाचा दाब मात्र ९५ मिमी. या नेहमीच्या पातळीवरून सु. ६० मिमी.पर्यंत उतरल्याशिवाय श्वसनात विशेष वाढ होत नाही.

कार्बन डाय-ऑक्साइडाची जाणीव मुख्यत्वे मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील रसायनग्राही कोशिकांना होते. हा वायू रक्तातून मस्तिष्क-मेरुद्रवात सहज झिरपतो व तेथील अम्लता वाढवितो. कोशिकांना उद्दीपन मिळते ते या अम्लतेमुळे. ऑक्सिजनाच्या कमतरतेची दखल घेणारे ग्राही मानेतील ग्रीवा रोहिणी जेथे दुभंगते तेथील ग्रीवापिंडात असतात. हा पिंड तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. परंतु त्याच्या वजनाच्या मानाने त्याला होणारा रक्तपुरवठा शरीरातील इतर कोणत्याही इंद्रियापेक्षा अधिक असतो. तो रक्ताची ‘चव घेणारा’ पिंड असावा असे अनुमान फर्नांडो दे कास्त्रो या स्पॅनिश शास्त्रज्ञांनी १९२८ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकीय रचनेवरून केले होते. कॉर्नेय हेमान्स या बेल्जियन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी त्याचे कार्य सिद्ध केले व त्याबद्दल त्यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. [→ श्वसन तंत्र].

वसेचे ज्वलन आणि श्वसन भागफल : अन्नाचे ऑक्सिडीभवन होताना बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड व वापरला जाणारा ऑक्सिजन यांच्या घनफळांच्या गुणोत्तरास श्वसन भागफल म्हणतात. ग्लुकोजाच्या बाबतीत ते १ असते, कारण ग्लुकोजाच्या प्रत्येक रेणूसाठी ऑक्सिजनाचे ६ रेणू लागतात व कार्बन डाय-ऑक्साइडाचे ६ रेणू तयार होतात. वसाम्लांत कार्बनाच्या मानाने ऑक्सिजन फारच कमी असतो; त्यामुळे त्यांच्या ज्वलनास बाहेरचा ऑक्सिजन अधिक लागतो. उदा., पामिटिक अम्लाच्या एका रेणूस ऑक्सिजनाचे २३ रेणू लागतात व कार्बन डाय-ऑक्साइडाचे १६ रेणू मिळतात, म्हणजे भागफल ०.७ येतो. प्रथिनांसाठी तो सु. ०.८ असतो. भात, भाकरी, डाळ, तेल असा मिश्र आहार घेणाऱ्या व्यक्तीत तो सामान्यतः ०.८ ते ०.८५ च्या आसपास आढळतो.

या फरकाचा श्वसनाशी असलेला संबंध आकड्यांनी स्पष्ट होतो. दिवसाला २,००० किकॅ. ऊर्जा केवळ कार्बोहायड्रेटांपासून मिळाली, तर सु. ४०० लिटर कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होईल. तीच ऊर्जा केवळ वसेपासून मिळाल्यास सु. ३०० लिटर. रक्तातील या वायूचा दाब ४० मिमी.वर राखण्यासाठी पहिल्या प्रसंगी वायुकोशांपर्यंत दर मिनिटास सु. ६ लिटर, तर दुसऱ्या प्रसंगी सु. ४.५ लिटर हवा पोहोचवावी लागेल. प्रत्यक्षात कोणाचाही आहार असा एकांगी नसतो व प्रथिनांचाही त्यात वाटा असतो. म्हणून दिसणारा फरक याहून पुष्कळच लहान असतो. निरोगी माणसाच्या तो लक्षातही येत नाही.

या हलकेपणास दुसरी बाजू आहे व तिचा उल्लेख क्वचितच केला जातो. तेवढ्याच ऊर्जेसाठी वसेला कार्बोहायड्रेटांपेक्षा सु. ७ टक्के अधिक ऑक्सिजन लागतो. पण श्वसन मात्र कार्बन डाय-ऑक्साइडाच्या मागे जात असल्याने कमी होते. परिणामी वायुकोशांतील ऑक्सिजनाचा दाब काहीसा उतरतो. समुद्रसपाटीवर याने काही बिघडत नाही. उंच पर्वतावर, जेथे मुळातच ऑक्सिजन विरळ असतो, तेथे मात्र याला अर्थ प्राप्त होतो. अमेरिकेतील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर केलेल्या व १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कार्बोहायड्रेटयुक्त आहाराने रोहिणीतील रक्ताचा ऑक्सिजन वाढल्याचे आढळले. म्हणूनच गिर्यारोहकांच्या शिध्यात साखर, पिठे यांना महत्त्व दिले जाते, जरी वजनाच्या मानाने वसेपासून दुपटीहून अधिक (दर ग्रॅ.ला सु. ९ किकॅ.) ऊर्जा मिळत असली तरीही.

रुग्णांच्या आहारातील उपयोग : दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या रुग्णास कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकणे कष्टाचे होते. नीलेवाटे मोठ्या प्रमाणात ग्लुकोज दिलेल्या रुग्णांत या वायूची निर्मिती व श्वसनाचा भार वाढतो, काही वेळा श्वसन निकामी होण्यापर्यंत मजल जाते, असे १९८० च्या सुमारास निदर्शनास आले. तेव्हापासून अशा रुग्णांसाठी निम्म्याहून अधिक ऊर्जा वसेपासून देणारी विशेष द्रव अन्ने बाजारात आली आणि कृत्रिम श्वसनयंत्रावरून रुग्णास लवकर सोडविण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. काही प्रारंभीच्या चाचण्यांत त्यांचा लाभही दिसला. १९९२ साली मात्र एका काटेकोर अभ्यासात असे दिसून आले की, एकूण ऊर्जा गरजेइतकीच ठेवल्यास कार्बोहायड्रेट व वसा यांचे प्रमाण बदलून कार्बन डाय-ऑक्साइडात लक्षणीय फरक पडत नाही. तो वाढतो तो ऊर्जा गरजेपेक्षा जास्त दिल्यामुळे. अतिरिक्त ग्लुकोजाचे यकृतात वसेत रूपांतर होताना श्वसन भागफल १ च्याही वर जातो, हे त्याचे एक कारण होय. आधीच्या निरीक्षणांतील दोष साखरेचा कमी आणि अतिपोषणाचा अधिक होता, असेच म्हणावे लागते.

वसेचे प्रमाण अत्यंत वाढवून कार्बोहायड्रेटे जवळजवळ वर्ज्य केल्यास यकृतात वसाम्लांपासून कीटोन पदार्थ तयार होतात. अपस्मारावर उपाय म्हणून असा आहार १९२१ पासून वापरात आहे. कीटोन पदार्थ अम्लधर्मी असल्याने रक्ताची अम्लता किंचित वाढते व ती भरून काढण्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब थोडा खाली आणला जातो. इन्शुलिनाच्या अभावी मधुमेही रुग्णात हीच क्रिया अनावर होते तेव्हा खोल, धाप लागल्यासारखा श्वास सुरू होतो. आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ साली त्याचे वर्णन केले. पहिला प्रकार म्हणजे आहाराचा सौम्य परिणाम, तर दुसरा तातडीच्या उपचाराची गरज असलेला विकार होय.

दीर्घकालीन परिणाम : येथवरचा विचार जळणाऱ्या वसेचा झाला, साठणाऱ्या वसेची गोष्ट वेगळी आहे. पोट व छाती यांवर चरबी साठली की मध्यपटल वर ढकलले जाते, उच्छ्‌वासानंतर फुप्फुसांत उरणारी हवा घटते, तळाकडील लहान श्वासमार्ग मिटू लागतात आणि प्रत्येक श्वासासाठी स्नायूंना अधिक काम पडते. असे असूनही बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड नेहमीच्या पातळीतच असतो, कारण श्वसन केंद्र आपला जोर वाढवून हा बोजा सांभाळून घेते. काहींमध्ये मात्र हा वाढीव जोर येत नाही. त्यामुळे दिवसा जागेपणीही कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब ४५ मिमी.च्या वर राहतो. देहभारांक (किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ३० वा अधिक असून अशी स्थिती अन्य कारणाविना आढळल्यास तिला स्थूलताजन्य अल्पवायुवीजन म्हणतात. भारतीयांत कमी वजनालाही पोटावरील चरबी जास्त असते. यामुळे भारतात स्थूलतेची मर्यादा २५ धरावी अशी शिफारस २००९ साली करण्यात आली. [→ स्थूलता].

या विकारास १९५६ साली ‘पिकविकियन लक्षणसमूह’ असे नाव देण्यात आले. चार्ल्स डिकिन्झ यांच्या द पिकविक पेपर्स (१८३६–३७) या कादंबरीतील सतत पेंगणाऱ्या लठ्ठ जो या पोरावरून ते सुचले. त्या वेळी वर्णिलेला रुग्ण पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने असूनही झोप लागल्याने डाव हरला आणि त्यानंतर वैद्यकीय सल्ल्यासाठी आला. दिवसाची ही पेंग म्हणजे आळस नव्हे, हे ध्यानात यावयास वैद्यकालाही बराच काळ लागला. रात्री झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास वारंवार अडतो (निद्रा श्वासरोध). प्रत्येक वेळी साचलेला कार्बन डाय-ऑक्साइड पुरेसा बाहेर पडला नाही, तर वाढलेली अम्लता शमविण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून ठेवतात. मग दिवसा कार्बन डाय-ऑक्साइड वाढला, तरी अम्लता तितकीशी वाढत नाही व लंबमज्जेतील ग्राहींना त्याची जाणीव मंदपणे होते. रक्तातील बायकार्बोनेट २७ मिलिमोल प्रति लिटरच्या वर असणे ही या विकाराची शंका घेण्यास पुरेशी खूण मानतात.

लेप्टिनाचे कार्य : एकाच वजनाच्या दोन व्यक्तींपैकी एकीचे श्वसन टिकते व दुसरीचे मंदावते, याचा उलगडा केवळ चरबीच्या ओझ्याने होत नाही. वसा-ऊतकातून स्रवणाऱ्या लेप्टिन या हॉर्मोनाचा शोध जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली लावला. त्याचे प्रमुख कार्य भूक आवरण्याचे होय. पण ते श्वसनालाही चेतना देते. १९४९ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत आढळलेल्या लठ्ठ उंदरांच्या वाणात लेप्टिन तयारच होत नाही. या उंदरांत कार्बन डाय-ऑक्साइडाला मिळणारा प्रतिसाद मंद असतो, आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा दोष लठ्ठपणा येण्याआधीच दिसतो. लेप्टिन टोचल्यावर त्यांचे श्वसन सुधारते, असे १९९९ साली दाखविण्यात आले.

मनुष्यात लेप्टिनाचा जन्मजात अभाव अतिदुर्मिळ आहे. स्थूल व्यक्तीच्या रक्तात ते उलट भरपूर असते. परंतु रक्तातून मेंदूत त्याचा शिरकाव कमी पडतो व कोशिकांचा प्रतिसादही बोथट होतो. यास लेप्टिनरोध म्हणतात. वसायुक्त खाद्यावर वाढविलेल्या उंदरांत असाच रोध येतो. त्यांच्या नाकात लेप्टिन घालून ते मेंदूपर्यंत पोहोचविल्यास झोपेतील श्वसन सुधारते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. हा उपाय मनुष्यासाठी उपलब्ध झालेला नाही.

ग्रीवापिंडाचा सहभाग : वसायुक्त आहाराने केंद्रीय प्रतिसाद मंदावत असला, तरी ग्रीवापिंड मात्र, निदान सुरुवातीच्या काळात, अतिक्रियाशील होतो. लिस्बन येथील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, ग्रीवापिंड केवळ ऑक्सिजनालाच नव्हे तर इन्शुलिनालाही प्रतिसाद देतो. वसायुक्त खाद्यामुळे रक्तातील इन्शुलीन वाढले की तो अनुकंपी तंत्रिका तंत्रास चेतवितो. त्यामुळे रक्तदाब वाढतो व ऊतके इन्शुलिनास दाद देईनाशी होतात. उंदरांत ग्रीवापिंडाकडील तंत्रिका कापल्यास हे दोन्ही परिणाम टळले. ऑक्सिजनाच्या कमतरतेला मिळणाऱ्या प्रतिसादाबाबत मात्र सर्व प्रयोगांचे निष्कर्ष सारखे नाहीत; आहाराचा कालावधी, प्राण्याची जात व लिंग यांनुसार ते बदलतात. मनुष्यात ग्रीवापिंड काढून टाकणे हा सुचतो तितका सरळ उपाय नव्हे. जपानमध्ये १९४० नंतर दम्यावरील इलाज म्हणून हजारो रुग्णांत ही शस्त्रक्रिया झाली होती. तीत ऑक्सिजन घटल्याची सूचना देणारी यंत्रणाच नष्ट होते.

उपचार : ज्याच्या श्वसन केंद्राची कार्बन डाय-ऑक्साइडाविषयीची संवेदना बोथट झाली आहे, त्याला झोपेची औषधे, अफूजन्य वेदनाशामके व शस्त्रक्रियेपूर्वीची भूल यांपासून असलेला धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. नुसता ऑक्सिजन मुक्तहस्ते दिल्यानेही कार्बन डाय-ऑक्साइड आणखी साचू शकतो. झोपताना नाकावाटे सतत दाबाची हवा देण्याची पद्धत कॉलिन सुलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात १९८१ साली प्रचारात आणली. घसा उघडा राहिल्याने रात्रीचा श्वासरोध थांबतो व बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत दिवसाचा कार्बन डाय-ऑक्साइडही उतरू लागतो. विकार मुळापासून जाण्यासाठी शरीराच्या वजनात सु. २५ ते ३० टक्के घट व्हावी लागते. आहारातील केवळ तेल-तूप कमी केल्याने एवढी घट क्वचितच साधते. त्यासाठी एकूण ऊर्जा कमी करणे, आणि अनेक रुग्णांत जठरावरील शस्त्रक्रिया, हे मार्ग अवलंबिले जातात.