दिल्लीची सीडी, बेळगावचा माणूस

दिल्लीच्या सायबर मीडियाच्या ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने 1996 साली अंकासोबत लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीची सीडी वाटली. तिच्या ‘स्लॅकवेअर’ या आवृत्तीची. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं इंटरनेट नुकतंच, 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालं होतं. 28.8 केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला आणि लाइन एकदाही तुटली नाही, तरी सीडीभर, म्हणजे साडेसहाशे एमबी, उतरवायला दोन दिवसांहून जास्त लागले असते. म्हणजे कोड जगाला खुला असला, तरी आपल्याकडच्या घरांत तो मासिकाबरोबरच पोचायचा.

या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, पण वाढले बेळगावात आणि तिथल्याच गोगटे इन्स्टिट्यूटमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. बंगळूरला राहून ते या मासिकाचे सल्लागार संपादक होते.

तेव्हा लिनक्स बसवणं म्हणजे धाडसच. विंडोज न पुसता ‘फिप्स’ या साधनाने हार्ड डिस्कची विभागणी करायची, स्वॅपला (मेमरी अपुरी पडली तर लागणाऱ्या भागाला) जागा सोडायची. मशीन चालू केल्यावर पडद्यावर लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची ‘LILO’ ही चार अक्षरं एकेक करून उमटायची. दोनच उमटून थांबली, तर पुढचा टप्पा अडकला असं समजायचं. ग्राफिक पडद्यासाठी मॉनिटरची हॉरिझॉन्टल सिंक फ्रिक्वेन्सी स्वतः भरावी लागे. ती चुकली तर मॉनिटर बिघडण्याचा इशारा असे. बाजारातले स्वस्त अंतर्गत मोडेम तर बहुतेक विंडोजपुरतेच. सीडीइतकंच मोल म्हणूनच अंकात छापलेल्या पायऱ्यांना होतं, असं मला ठामपणे वाटतं. पुढे याच मासिकाने रेड हॅट आणि मग फेडोरा या लिनक्सच्या आवृत्त्यांवर बेतलेलं ‘पीसीक्यूलिनक्स’ काढलं. 2003 मध्ये दिल्लीतूनच ‘लिनक्स फॉर यू’ हे मासिक निघालं.

देवनागरी लिपीचा प्रश्न मात्र सीडीने सुटणारा नव्हता. जोडाक्षर जुळवणारं इंजिन हवं, फॉन्ट हवेत, मेन्यूंची भाषांतरं हवीत. ‘इंडलिनक्स’चे कार्यकर्ते आणि दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतला ‘सराय’ हा उपक्रम यांनी त्यासाठी नेटाने काम केलं. रेड हॅटने 2004 मध्ये ‘लोहित’ फॉन्ट खुले केले. हे काम करणाऱ्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, याची मला खंत वाटते. ‘रद्द करा’सारखी बटणं मराठीत दिसतात ती त्यांच्या बिनबोभाट श्रमांमुळे.

2007 मध्ये सरकारी बाजूनेही पाऊल पडलं. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियन या लिनक्स आवृत्तीवर आधारित ‘बॉस’ आणलं, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. ऑगस्ट 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने साउथ ब्लॉकमधल्या संगणकांसाठी उबुंटू या लिनक्स आवृत्तीवर आधारित ‘माया’ ही प्रणाली स्वीकारल्याच्या बातम्या आल्या. तिथे कारण सायबर हल्ल्यांचं होतं.

चिटणीसांनी बंगळूरला 2001 मध्ये सुरू केलेला लिनक्सप्रेमींचा मेळावा पुढे ‘फॉस डॉट इन’ झाला. 2012 चा शेवटचा. 3 जून 2013 रोजी कर्करोगाने ते गेले, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.