बारावीत एक विषय राहिला, आता पुढं काय?



बारावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो आणि दोन वाजायच्या आत सगळ्या वाडीला कळलेलं असतं कुणाचं काय झालं. ज्याला सत्तर टक्के पडले त्याच्या घरी पेढे येतात. ज्याचा एक विषय गेला ते पोरगं फोन बंद करून रानात जाऊन बसतं. आई दारात उभी, बाप कुणाशी बोलत नाही. भोर-वेल्ह्याकडच्या गावांत हे चित्र दरवर्षी दिसतं, आणि आपण शिक्षक त्या दिवशी पास झालेल्यांचे फोटो काढण्यात गुंतलेले असतो. खरं सांगायचं तर मीसुद्धा बरीच वर्षं तेच केलं.

म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. बारावीत एखादा विषय गेला तर नेमकं काय होतं, काय होत नाही आणि घरच्यांनी काय करायचं, हे एकदा नीट समजून घेऊ.

आपल्याकडं लोक म्हणतात, 'त्याचा इंग्रजी राहिला.' मला हा शब्द 'नापास'पेक्षा जास्त बरोबर वाटतो. कारण मंडळाच्या नियमातही तसंच आहे. प्रत्येक विषयात १०० पैकी ३५ गुण लागतात. ज्या विषयांत ते मिळाले ते विषय सुटले, त्यांची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. जो राहिला तेवढाच द्यायचा. अलीकडं गुणपत्रिकेवरही 'अनुत्तीर्ण' असं न लिहिता 'पुनर्परीक्षेस पात्र' असा शेरा देतात. पण गावात अजून एकच शब्द चालतो, 'बारावी नापास'. सहापैकी पाच विषय पास झालेलं पोरगं आणि वर्षभर वर्गात न आलेलं पोरगं, दोघंही त्याच एका शब्दात बसवले जातात.

आणि ही मुलं थोडीथोडकी नाहीत. २०२५ साली राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला. ऐकायला केवढा मोठा आकडा! पण परीक्षेला बसले होते १४ लाखांहून जास्त विद्यार्थी. म्हणजे उरलेल्या आठ टक्क्यांत एक लाखावर मुलं आली. तुमचं मूल त्यात असेल तर ते एकटं नाही, हे त्याला निकालाच्या दिवशीच सांगा.

आता एक गैरसमज. पुष्कळ पालक म्हणतात, 'दहावीला एटीकेटी मिळाली होती, तशीच आता घेऊ.' तसं नाही. दहावीत एक किंवा दोन विषय गेले तर अकरावीला प्रवेश मिळतो. पुढं पदवीच्या वर्गांतही एटीकेटी असते. पण बारावीतून पदवीच्या पहिल्या वर्षात जाताना ही सवलत नाही. बारावी पूर्ण पास असल्याशिवाय बीए, बीकॉम, बीएस्सीचा प्रवेश होत नाही. सीईटीत चांगले पर्सेंटाइल असले तरी बारावीचा विषय राहिला असेल तर इंजिनिअरिंगचा प्रवेश अडतो. (अकरावीचं वेगळं आहे. ती परीक्षा मंडळाची नसून कॉलेजची असते, तिथं कॉलेजात जाऊन बोलायचं.)

मग निकालानंतर काय करायचं? पेपर चांगला गेला होता आणि गुण फारच कमी आले असं मूल मनापासून सांगत असेल, तर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो. गुणपडताळणीत बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. उत्तरं पुन्हा तपासून हवी असतील तर त्याला पुनर्मूल्यांकन म्हणतात. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते आणि ती हातात आल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो. छायाप्रत आली की त्या विषयाच्या शिक्षकाकडं घेऊन जा. शिक्षकांनो, अशा वेळी 'बघतो नंतर' म्हणू नका. पाच दिवस म्हणता म्हणता जातात.

इथंच एक मोठी चूक होते. लोक पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची मुदत निघून जाते. दोन्ही गोष्टी एकदमच करा. तिकडं गुण वाढले तर उत्तम, फॉर्मचे थोडे पैसे गेले असं समजायचं. फॉर्म आपल्या कॉलेजातूनच भरला जातो. उशीर झाला की विलंब शुल्क लागतं आणि त्याचीही मुदत संपली की थेट फेब्रुवारी.

पूर्वी ही फेरपरीक्षा ऑक्टोबरला असायची. 'ऑक्टोबरला बसणार' हे शब्द आपल्या पिढीला चांगलेच आठवत असतील. तिचा निकाल येईपर्यंत वर्ष हातातून गेलेलं असायचं. आता ती निकालापाठोपाठ घेतात. २०२५ मध्ये निकाल ५ मे रोजी लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. मध्ये ५० दिवस. त्यामुळं मुलाचं वर्ष वाचू शकतं. आपल्या भागातल्या कॉलेजात प्रवेश किती तारखेपर्यंत चालू राहतील, हे मात्र आधीच विचारून ठेवा. निकाल लागल्यावर धावपळ नको.

बदल चांगला झाला. पण पुण्यात बसून तो जितका चांगला दिसतो तितका आपल्या मावळात नाही, हेही सांगितलं पाहिजे. जूनचा शेवट आणि जुलै म्हणजे आपल्याकडं काय? भातलावणी. हिर्डोशीकडं, भाटघर आणि नीरा-देवघरच्या पाण्याकडेच्या गावांत, इकडं पासली, केळदपर्यंत, घरातला प्रत्येक हात चिखलात असतो. लावणीला माणूस मिळत नाही. अशा वेळी अठरा वर्षांचं पोरगं पुस्तक घेऊन ओटीवर बसलंय, हे बघवत नाही कुणाला. 'एवढं वर्षभर शिकून काय दिवे लावले, चल रोपं उपट' असं बोलणं होतं. बाप वाईट नसतो. पाऊस थांबत नाही आणि रोप म्हातारं व्हायला लागलेलं असतं.

पालकांनो, माझी एवढीच विनंती आहे. लावणीला न्या, पण पहाटेचे दोन तास आणि दुपारनंतरचे दोन तास त्याला सोडा. विषय एकच आहे. रोज चार तास मिळाले तर ५० दिवसांत २०० तास होतात. इंग्रजीसारख्या विषयात ३५ गुणांसाठी ते पुष्कळ आहेत. उताऱ्यावरचे प्रश्न, सारांश, अहवाल एवढ्याचा नीट सराव केला तरी लेखी पेपरचा मोठा भाग हाताखाली येतो. विज्ञान शाखेचा विषय असेल तर प्रात्यक्षिकाच्या गुणांचं काय होणार, ते फॉर्म भरतानाच कॉलेजात विचारून घ्या.

मुलींचं मात्र वेगळं लिहावं लागेल. मुलाचा विषय राहिला तर तो शिरवळला नाहीतर खेड शिवापूरला कंपनीत लागतो, कंत्राटी का होईना. 'नंतर देईन परीक्षा' म्हणतो. त्यातले थोडे देतात, बरेच देत नाहीत. मुलीचा विषय राहिला की घरात दुसरीच चर्चा सुरू होते. पाहुणे आधीपासून विचारत असतातच. माझ्या वर्गातली एक मुलगी अर्थशास्त्रात सहा गुणांनी राहिली होती. पुरवणीचा फॉर्म भरायला ती आलीच नाही. घरी गेलो तर लग्नाची बोलणी चालू. तिचे आजोबा म्हणाले, 'गुरुजी, पास झाली असती तर शिकवली असती.' मी म्हणालो, 'आबा, सहा गुणांसाठी?' ते काहीच बोलले नाहीत. चुलत्याला मध्ये घातला, फॉर्म भरला. मुलगी पास झाली, पुढं शिकली. पण दरवेळी चुलता ऐकतोच असं नाही आणि दरवेळी मीही वेळेवर पोचलेलो नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आपल्या लक्षात येत नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत असतो, पण तो नियमित विद्यार्थिनींसाठी. विषय राहिला की ती नियमित राहत नाही. मग शिकवणीला किंवा कॉलेजात शंका विचारायला यायचं तर तिकीट काढावं लागतं. वेल्ह्याकडून नसरापूरला किंवा भोरला रोज येणं-जाणं घरच्यांना जड जातं आणि यायचंच बंद होतं. गावातल्या दोन-तीन मुलांना एकत्र बसवून आठवड्यातून एकदा शिक्षकानेच तिकडं जावं. हे सगळ्यांना जमेल असं नाही, पण ज्याची गाडी त्या रस्त्याने जाते त्याला जमू शकतं.

पुरवणीतही नाही जमलं तर? तर फेब्रुवारी-मार्चला पुन्हा बसता येतं. अभ्यासक्रम बदलणार असेल तर जुन्या अभ्यासक्रमाच्या संधी मोजक्याच मिळतात, म्हणून फार वर्षं रेंगाळू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचाही एक रस्ता आहे. आपल्या मंडळात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडं वळवून घेता येतात. आणि ज्याला पुस्तकापेक्षा हातानं काम करण्यात गोडी आहे, त्याच्यासाठी भोरला शासकीय आयटीआय आहे. तिथल्या बहुतेक ट्रेडला दहावी पास लागतं, बारावी नाही. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमाही दहावीवरच मिळतो. पण ही वाट मुलाची आवड बघून धरा, रागाच्या भरात नको.

रागावरून आठवलं. निकालानंतरचे पहिले दोन-तीन दिवस मुलाला एकटं सोडू नका. गप्प गप्प असेल, जेवत नसेल, 'मी असून काय उपयोग' असं काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलाला जमत नसेल तर तुम्ही लावा. वर्गशिक्षकांनी निकालाच्या दिवशी पहिला फोन राहिलेल्या मुलांच्या घरी करावा, पेढेवाल्यांच्या घरी संध्याकाळी केला तरी चालतो.

आता परीक्षेच्या दिवसाचं. पुरवणीला मुलं कमी असतात, म्हणून केंद्रंही कमी. मार्चला ज्या शाळेत बसलो तिथंच नंबर येईल असं धरून चालू नका, हॉलतिकिटावर केंद्राचं नाव नीट वाचा. सकाळचा पेपर अकराला असला तरी साडेदहाला वर्गात असावं लागतं. जुलैच्या पावसात घाटात दरड आली किंवा ओढ्यावरून पाणी गेलं की एसटी तिथंच थांबते, आणि हे ज्या दिवशी होतं त्या दिवशी दुसरी गाडी नसते. म्हणून वरच्या गावांतल्या मुलांना पेपरच्या आदल्या दिवशी दुपारीच खाली आणा. केंद्राच्या गावात नात्यातलं कुणी असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा. कुणीच नसेल तर आपल्या शिक्षकाला विचारा, एका रात्रीची सोय होते.